जमिनीचा हक्क आणि जुना अन्याय: एलसॅटचे जोडउतारे कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी एलसॅटची तयारी चालू आहे. रीडिंग कॉम्प्रिहेन्शनच्या सरावात मालमत्तेच्या हक्कांवरची एक जोडी आली. पहिला उतारा तत्त्वज्ञानाचा, दुसरा मूलनिवासी जमातींच्या जमिनीच्या दाव्यांचा. दोन्ही उतारे वाचताना कळले, पण प्रश्न सोडवल्यावर निम्म्याहून जास्त चुकले, आणि बरोबर उत्तरे पाहूनही ती का बरोबर हे पटले नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

ही परीक्षा मी बरीच वर्षे शिकवतो आहे. चांगले वाचन असलेली मुले नेमकी याच विषयाच्या जोडीवर अडतात, हे वारंवार पाहिले आहे. इंग्रजी कमी पडते म्हणून ती अडत नाहीत. या विषयावर आपले मत आधीच तयार असते, तिथे गाडी अडते. जमीन हिसकावली गेली हे वाचले की मन लगेच निकाल देऊन मोकळे होते. मग लेखक नेमका कुठपर्यंत गेला आणि कुठे थांबला, इकडे लक्ष राहत नाही. विषय डोक्यात शिरलेला असतो, लेखकाचे म्हणणे मात्र अर्धेच शिरलेले असते. पर्याय रचणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

परीक्षेची मांडणी तुम्हाला माहीत असेलच, तरी दोन ओळी. रीडिंग कॉम्प्रिहेन्शनच्या विभागात 35 मिनिटांत चार संच असतात आणि त्यांतला एक जोडउताऱ्यांचा असतो. हा प्रकार जून 2007 पासून आला. दोन्ही उतारे मिळून लांबी साधारण एका नेहमीच्या उताऱ्याएवढीच असते, त्यामुळे वाचायला जास्त आहे ही भीती निराधार आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खरे काम असते दोन उताऱ्यांमधले नाते ओळखण्याचे. बहुतेक प्रश्न तिथूनच येतात.

आता मुद्द्यावर येतो. जुना अन्याय आणि मालमत्ता या विषयावरच्या लेखनात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला, तेव्हा अन्याय झाला का? दुसरा, झाला असेल तर त्यातून आज कोणाचा, कशावर हक्क उरतो? तिसरा, परिमार्जन कशाने करायचे: तीच जमीन, पैसे, दुसरी जमीन, की नुसती कबुली? चौथा, ते ठरवायचे कोणी: न्यायालयाने, कायदेमंडळाने, की वाटाघाटीने? बोलताना आपण या चारही प्रश्नांना एकच समजतो. अन्याय झाला म्हणजे जमीन परत द्या, म्हणजे न्यायालयाने तसा हुकूम करावा, असे एका दमात म्हणून जातो. उताऱ्यांचे लेखक तसे करत नाहीत. एखादा लेखक पहिल्या प्रश्नाला ठाम 'हो' म्हणतो आणि तिसऱ्यावर मौन पाळतो. दुसरा पहिला प्रश्न गृहीत धरून थेट चौथ्यावर बोलतो. कोणता लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे, एवढे समासात टिपले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

नुसते सांगून हे उमगत नाही, म्हणून एक जोडी इथे मांडतो. उतारे मीच रचले आहेत आणि समजायला सोपे जावे म्हणून मराठीत ठेवले आहेत. वळण मात्र परीक्षेतल्यासारखेच आहे.

उतारा अ:

"जमिनीवरचा हक्क काळाच्या ओघात क्षीण होऊ शकतो, असे एक मत आहे. या मताचा आधार दाव्याच्या मुदतीत नाही, हक्काच्या स्वरूपातच आहे. माणसाचा एखाद्या जमिनीवर हक्क का मानायचा? कारण त्याने आपले जगणे, आपले बेत तिच्याभोवती उभारलेले असतात. ती हिसकावून घेणे हा अन्याय, आणि ती लगोलग परत मिळायला हवी, यात वाद नाही. पण कित्येक पिढ्या उलटल्यावर मूळ मालकाचे वंशज आपले जगणे दुसऱ्या पायावर उभारतात आणि त्या जमिनीवर नवी माणसे आपले जगणे उभारतात. ज्या कारणासाठी पहिला हक्क मानला, तेच कारण आता नव्या माणसांच्या बाजूने उभे राहते. यामुळे जुना अन्याय अन्याय नव्हता असे ठरत नाही. एवढेच ठरते की परिमार्जन म्हणजे तीच जमीन परत करणे, असे गृहीत धरता येत नाही. अर्थात, हिसकावलेली जागा एखाद्या समाजाच्या जीवनाच्या केंद्रस्थानी आजही असेल, तर या युक्तिवादाचे बळ बरेच कमी होते."

उतारा ब:

"अमेरिकी सरकारशी झालेल्या 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश सू या मूलनिवासी जमातींच्या राष्ट्रासाठी राखून ठेवला. पुढे राखीव प्रदेशातली जमीन सोडायची झाल्यास किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, अशी अट तहातच होती. तिथे सोने सापडले, आणि 1877 मध्ये तेवढ्या सह्या नसतानाही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने, कायदा करून तो प्रदेश घेतला. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कृती म्हणजे मोबदला देणे भाग असलेले संपादन होते असे ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा कायम केला. जमातींनी ती रक्कम घेतली नाही. पैसे घेणे म्हणजे न केलेली विक्री मान्य करणे, अशी त्यांची भूमिका आहे. हा नकार भावनेच्या भरातला म्हणून अनेकदा बाजूला सारला जातो. पण प्रत्येक जमिनीची पैशात किंमत करता येते हे नुकसानभरपाईचा कायदा धरून चालतो, आणि इथे वाद आहे तो नेमका त्याच गृहीतकाचा. शिवाय या प्रदेशाचा मोठा भाग आज संघराज्याच्याच मालकीचा आहे. तेवढा परत करायला कोणा खाजगी घरमालकाला उठवावे लागत नाही."

आता चार प्रश्न लावून पाहा. 'अ' चा लेखक पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो: हिसकावणे हा अन्याय. दुसऱ्या प्रश्नावर त्याचा मुख्य भर आहे: पिढ्या उलटल्यावर हक्क दुबळा होऊ शकतो. तिसऱ्यावर तो एकच गोष्ट बोलतो, आणि तीही नकाराची: तीच जमीन परत द्यायची असे गृहीत धरू नका. मग काय द्यायचे? पैसे? याबद्दल एक अक्षर नाही. चौथ्या प्रश्नाचा तर मागमूसही नाही. 'ब' मध्ये पहिला प्रश्न तहातल्या अटीने आणि न्यायालयाच्या निकालाने मिटवूनच लेखक पुढे जातो. त्याचा सगळा जीव तिसऱ्या प्रश्नात आहे: पैसा हा पुरेसा उपाय आहे का? शेवटच्या वाक्यात तो दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आजच्या रहिवाशांच्या मुद्द्याला, हळूच हात लावतो. चौथा प्रश्न त्यानेही सोडलेला आहे. न्यायालयाने रकमेचा निवाडा दिला हे तो सांगतो, पण जमीन परत द्यायचे कोणी ठरवावे यावर गप्प आहे.

हे दोन लेखक भांडत आहेत का? बहुतेक जण म्हणतात, हो. मला तसे वाटत नाही. 'अ' उंचावरून सर्वसाधारण नियम सांगतो, 'ब' जमिनीवर उभा राहून एक प्रकरण सांगतो. 'अ' ला ब्लॅक हिल्स ठाऊक नाही, आणि 'ब' ला 'अ' च्या सिद्धांताशी देणेघेणे नाही. ते एकमेकांना दोन जागी शिवतात. 'अ' चे शेवटचे वाक्य, जिथे तो स्वतःच आपल्या युक्तिवादाची मर्यादा मान्य करतो, ते 'ब' मधल्या नकाराशी जाऊन भिडते: ज्या समाजाने शतकभराने आलेली मोठी रक्कम नाकारली, त्याने आपले जगणे 'दुसऱ्या पायावर' उभारले असे सहज म्हणता येईल का? दुसरी जागा म्हणजे 'अ' मधली 'नवी माणसे' आणि 'ब' मधली संघराज्याची जमीन. 'अ' चा युक्तिवाद त्या नव्या माणसांच्या जगण्यावर टेकलेला आहे. जिथे जागेची मालकी सरकारचीच आहे, तिथे तो टेकू बराच मोकळा पडतो.

या दोन जागा सापडल्या की जोडी हातात आली. जोडउताऱ्यांत अशी शिवण बहुतेक वेळा एखाद्या लेखकाच्या सवलतीच्या वाक्यात असते. 'अर्थात', 'तरीही', 'निदान' असल्या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये घाईत वाचणारा ओलांडून जातो, कारण मुख्य मुद्दा आधीच कळलेला असतो. मी विद्यार्थ्यांना पहिल्या उताऱ्यातल्या अशा वाक्याखाली रेघ मारायला लावतो आणि मगच दुसऱ्याकडे वळू देतो.

आता परीक्षेत येतात तसे काही प्रश्न घेऊ. समजा विचारले, 'ब' चे 'अ' शी नाते काय? एक पर्याय म्हणतो, 'ब' हा 'अ' चा सिद्धांत उदाहरणाने खोडून काढतो. दुसरा म्हणतो, 'अ' ज्या बाबींवर विसंबतो त्यांचे वजन जिथे कमी भरू शकते असे एक प्रकरण 'ब' वर्णन करतो. मन पहिल्याकडे धावते, कारण दोघांना भांडताना पाहायची आपल्याला सवय आहे. पण 'अ' ने स्वतःच अपवाद मान्य केला असताना तो अपवाद दाखवणारे उदाहरण सिद्धांत खोडते कसे? दुसरा पर्याय बरोबर. पर्यायांमधली 'खोडून काढतो', 'सिद्ध करतो', 'फेटाळतो' अशी जड क्रियापदे पाहिली की थांबा, आणि त्या क्रियापदाचे ओझे उचलणारे वाक्य उताऱ्यात आहे का ते शोधा. नसेल तर पर्याय सोडून द्या.

दुसरा प्रश्न: दोन्ही लेखक कशाशी सहमत होतील? इथला सापळा फार सुबक असतो. एक पर्याय असा: 'जुन्या अन्यायाचे परिमार्जन पैशातून होऊ शकते.' 'ब' ला हे मान्य नसावे, हे लगेच दिसते. पण 'अ' ला मान्य आहे असे धरून अनेक जण त्यावर रेंगाळतात, आणि 'अ' बद्दलच्या पुढच्या प्रश्नात हीच समजूत त्यांना बुडवते. 'अ' ने पैशाचा उल्लेखही केलेला नाही. जमीन परत करणे गृहीत धरू नका म्हटले, म्हणजे पैसे द्या म्हटले, ही भर आपली. बरोबर पर्याय असा काहीसा असेल: 'हिसकावलेल्या जमिनीचे काय करावे हे ठरवताना ती आज कोणाकडे आहे, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.' 'अ' तर हे उघडच म्हणतो. 'ब'? त्याचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ही बाब बिनमहत्त्वाची वाटली असती तर 'कोणा खाजगी घरमालकाला उठवावे लागत नाही' हे त्याने सांगितलेच नसते. लेखक एखादी शंका आपणहून दूर करतो, तेव्हा ती शंका त्याने दखलपात्र मानलेली असते. ही खूण पक्की लक्षात ठेवा, फार उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न अधिक कठीण: जमातींच्या नकारावर 'अ' चा लेखक बहुधा काय म्हणेल? मोहात पाडणारा पर्याय असा: 'एवढा काळ गेल्यावर जमातींनी रक्कम स्वीकारायला हवी.' हे उत्तर देणाऱ्याच्या मनात 'अ' म्हणजे दावे नाकारणारा माणूस, अशी प्रतिमा बसलेली असते. उताऱ्यात मात्र तो माणूस नाही. तिथे आहे तो एका अटीवर बोलणारा लेखक. म्हणून तो म्हणेल: 'ही जागा त्या समाजाच्या जीवनाच्या केंद्रस्थानी अजून आहे का, हे आधी कळायला हवे.' परीक्षेत लेखकाच्या प्रतिक्रियेचा प्रश्न आला की तो लेखक कोणत्या पक्षाचा हे विसरून जा. त्याच्या युक्तिवादाला पुढे कोणती माहिती लागते, ते शोधा.

पक्षाचा विषय निघालाच आहे, तर रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाबद्दल सांगायला हवे, कारण मालमत्तेवरच्या तात्त्विक उताऱ्यांत त्याच्या सिद्धांताची सावली वारंवार पडते. 1974 मध्ये त्याने मांडलेल्या हक्काच्या सिद्धांतात तीन भाग आहेत. मूळ संपादन न्याय्य असावे, पुढची हस्तांतरणे न्याय्य असावीत, आणि यांत कुठे अन्याय झाला असेल तर त्याचे परिमार्जन व्हावे. नोझिक किमान सरकारचा पुरस्कर्ता आणि पुनर्वाटपाचा विरोधक म्हणून ओळखला जातो. त्यामुळे वाचणारा धरून चालतो की हा सिद्धांत आजच्या मालकांच्या बाजूचा. प्रत्यक्षात आजची मालकी टिकते की नाही, हे या सिद्धांतात पूर्णपणे इतिहासावर अवलंबून आहे. मधली एक कडी बळजबरीची निघाली की पुढच्या सगळ्या व्यवहारांवर प्रश्नचिन्ह लागते. जुन्या अन्यायाला एवढी जागा देणारे सिद्धांत फार थोडे आहेत. याउलट, वाटपाचा आजचा आकडाच पाहणाऱ्या सिद्धांताला 1877 साली काय झाले याची मुळात गरजच पडत नाही. नोझिकची अडचण वेगळी होती: अन्याय झालाच नसता तर आज काय स्थिती असती, हे ठरवायचे कसे? परिमार्जनाचा तपशीलवार नियम आपल्याकडे नाही, हे त्याने मोकळेपणी मान्य केले. असा उतारा आला की प्रश्न हमखास या अडचणीवर येतो, आणि 'परिमार्जन अनावश्यक आहे' हा पर्याय तिथे चुकीचे उत्तर म्हणून वाट पाहत असतो. तत्त्व मान्य असणे आणि त्याचा अंमल कठीण असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

वरच्या 'अ' मधला विचार जेरेमी वॉल्ड्रन या तत्त्वज्ञाच्या 1992 मधल्या मांडणीच्या जवळचा आहे. परिस्थिती बदलल्याने जुना अन्याय मागे पडू शकतो, असा त्याचा युक्तिवाद होता. नोझिकची अडचण माहितीची आहे: काय झाले असते ते कळत नाही. वॉल्ड्रनची त्याहून खोल जाते: सगळे कळले तरी हक्कच बदललेला असू शकतो. हे दोन्ही उतारे एका जोडीत आले तर वरवर दोघेही 'परत देणे कठीण' असेच म्हणताना दिसतील, आणि प्रश्न त्यांच्या कारणांमधल्या फरकावर असेल.

आता कायद्याच्या बाजूला. न्यूयॉर्कमधल्या ओनायडा या मूलनिवासी जमातीची प्रकरणे मी मुद्दाम वाचायला लावतो, कारण तिथे आपले चार प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयात वेगळे होताना दिसतात. संघराज्याच्या संमतीशिवाय जमातींची जमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा काँग्रेसने 1790 मध्ये केला. तरी न्यूयॉर्क राज्याने 1795 मध्ये ओनायडांकडून सुमारे एक लाख एकर जमीन परस्पर करार करून घेतली. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की एवढ्या काळानंतरही जमातीला या व्यवहारावरून दावा लावता येतो. मागणी होती ती दोन वर्षांच्या भाड्याएवढ्या भरपाईची. नंतर ओनायडांनी आपल्या जुन्या प्रदेशातले काही तुकडे बाजारभावाने परत विकत घेतले आणि त्यांवर आपली सत्ता पुन्हा आली असे सांगून शेरिल शहराचा मालमत्ता कर नाकारला. 2005 मध्ये त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे नाकारले. दोन शतके त्या जागेवर राज्याचा आणि शहराचा कारभार चालला, लोक त्यावर विसंबून राहिले, आणि दाद मागायला फार उशीर झाला, असे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राचे सार होते.

घाईने वाचणाऱ्याला वाटते, न्यायालयाने 1985 चा निर्णय फिरवला. तसे नाही. 1985 ला प्रश्न होता दावा चालू शकतो का, 2005 ला प्रश्न होता आता कोणता उपाय देता येतो. पहिल्या निर्णयाला हात लावत नाही, असे दुसऱ्या निकालपत्रातच म्हटले आहे. जमातींच्या बाजूने पाहणाऱ्याला हा भेद पोकळ वाटू शकतो. हक्क मान्य करायचा आणि उपाय नाकारायचा, मग हक्क उरला कुठे, असा सवाल रास्तच आहे, आणि व्यक्तिशः माझा कौल त्या सवालाच्या बाजूचा आहे. पण उतारा वाचताना भेद दिसलाच नाही, तर तो पोकळ आहे हेही नीट मांडता येत नाही. अन्यायाची चीड असलेल्या विद्यार्थ्यांना मी ती बाजूला ठेवा असे कधी सांगत नाही. ज्यांची जमीन गेली, त्यांची बाजू वकील म्हणून मांडायची तर समोरच्याने काय मान्य केले आणि काय नाकारले, याचा हिशेब अक्षरशः ठेवावा लागतो. परीक्षा तेच तपासते आहे.

बाहेरची माहिती परीक्षेत किती कामी येते? वाचायचा वेग वाढतो, कारण अनोळखी नावांनी दबकायला होत नाही. उत्तर निवडताना मात्र ती पूर्ण बंद ठेवा. ब्लॅक हिल्सची न घेतलेली रक्कम व्याजाने वाढत एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे, किंवा संघराज्याच्या ताब्यातली तिथली जमीन परत देण्याचे विधेयक 1985 मध्ये सिनेटमध्ये मांडले गेले आणि पुढे सरकले नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. वरच्या 'ब' मध्ये ते नाही, तेव्हा त्यावर टेकणारा पर्याय खरा असूनही चूक. माहीतगार मुले इथेच फसतात.

वेळेबद्दल थोडे. काही शिक्षक सांगतात की 'अ' वाचून झाल्यावर फक्त 'अ' वरचे प्रश्न आधी सोडवा, मग 'ब' कडे जा. शास्त्रीय विषयांच्या जोडीत ते चालते. या विषयात मी ते सुचवत नाही, कारण एकट्या 'अ' वरचे प्रश्न थोडे असतात आणि मध्येच तोडल्याने शिवण सापडत नाही. संचाला सरासरी पावणेनऊ मिनिटे येतात. त्यांतली साडेतीन मिनिटे वाचायला द्या, आणि प्रत्येक उताऱ्यानंतर काही सेकंद थांबून मनातल्या मनात एक वाक्य तयार करा: हा लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नावर गप्प आहे. गप्प असलेली बाजू टिपणे जास्त मोलाचे, कारण चुकीचे पर्याय बहुतेक वेळा त्या मौनातच घुसवलेले असतात. पहिले काही संच घड्याळ न लावता सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी लिहा की तुम्ही निवडलेला पर्याय चारांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता आणि विचारले कोणत्याबद्दल होते. तुमच्या चुका एकाच दिशेच्या आहेत, हे थोड्याच दिवसांत दिसू लागेल. बहुतेकांची घसरण पहिल्या प्रश्नावरून तिसऱ्यावर होते.

सरावाचे उतारे संपले की खरी निकालपत्रे घ्या. 1980 चा सू राष्ट्राचा निकाल यासाठी उत्तम आहे: न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे बहुमताचे निकालपत्र आणि न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचे एकट्याचे विरोधी मत. दोन्हींतली दोन-दोन पाने काढा आणि जोडउतारे समजून वाचा. रेन्क्विस्ट यांनी 1877 च्या इतिहासाकडे पाहण्याच्या बहुमताच्या दृष्टीवर टीका केली आहे, आणि वाचणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते. पण त्यांच्या विरोधाचा मुख्य आधार वेगळा आहे: न्यायालयाने पूर्वी निकाली काढलेला दावा काँग्रेसने कायदा करून पुन्हा उघडायला लावला, आणि हा सत्ताविभाजनाचा भंग आहे, असे ते म्हणतात. म्हणजे ते प्रामुख्याने चौथ्या प्रश्नावर बोलत आहेत. ब्लॅकमन यांना त्या चौथ्या प्रश्नाला आधी उत्तर द्यावे लागते, आणि मगच 1877 ची कृती मोबदला देण्याजोगे संपादन होती का, या प्रश्नाकडे वळता येते. हे वळण कोणत्या परिच्छेदात येते तिथे खूण करा, आणि त्या खुणेच्या अलीकडचा कोणता मुद्दा रेन्क्विस्ट यांना मान्य झाला नसता, तो एका वाक्यात लिहून काढा.